चिचुंद्रीच्या वेषातला कुत्रा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही सिनेमे चांगले असतात म्हणून लक्षात राहतात. काही वाईट असतात म्हणून आपण ते विसरून जातो. पण या दोहोंच्या पलीकडे सिनेमाची एक तिसरी जात आहे. हे सिनेमे इतके वाईट असतात की विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाहीत. आज मी बोलणार आहे ते या तिसऱ्या जातीबद्दल, त्यातही अमेरिकेत १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत निघालेल्या विज्ञानपटांबद्दल. आणि त्यांच्याइतकंच, ते बघता बघता त्यांच्यावर शेरे मारण्याच्या कलेबद्दल. 'कला' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. तो का, ते पुढे सांगेन.

आधी एक नमुना. १९५९ साली 'द किलर श्रूज' नावाचा सिनेमा आला. श्रू म्हणजे आपली चिचुंद्री. एका बेटावर एक शास्त्रज्ञ प्रयोग करतो आहे. जगात माणसं फार झाली, अन्न पुरत नाही, तेव्हा माणसंच आकाराने निम्मी केली तर ती जेवतीलही निम्मंच, असा त्याचा हिशेब. विचार वाईट नाही. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही तो सुचू शकेल. पण प्रयोग उलटा फिरतो आणि बेटावर कुत्र्याएवढ्या चिचुंद्र्या तयार होतात. आता 'कुत्र्याएवढ्या' हे मी उपमा म्हणून सांगत नाही. ते खरोखरच कुत्रे होते! अंगावर केसाळ पांघरुणं बांधून त्यांना पळायला लावलं होतं. जवळून तोंड दाखवायचं असलं की हातात घालायची बाहुली वापरायची. ते कुत्रे बिचारे इतक्या आनंदाने धावतात की आता हे नायकाचा घोट घेणार की त्याचा हात चाटणार, असा प्रश्न पडावा. शेवटी मंडळी लोखंडी पिंपं उलटी करून एकत्र बांधतात, त्यांच्या आत शिरतात आणि उकिडवं चालत समुद्र गाठतात. मंगळागौरीच्या खेळांत हा प्रकार अजून कसा आला नाही, याचं मला नवल वाटतं.

या सिनेमामागचा एक माणूस आपल्या, म्हणजे रेडिओच्या, धंद्यातला होता. त्याचं नाव गॉर्डन मॅक्लेंडन. टेक्सासमधला हा गाजलेला रेडिओमालक. हा माणूस बेसबॉलच्या सामन्यांचं धावतं वर्णन मैदानावर न जाता करायचा. तारेने येणाऱ्या त्रोटक बातमीवरून, स्टुडिओत बसून, आवाजांच्या करामती करून तो अख्खं मैदान उभं करायचा आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटायचं. रेडिओची हीच तर मजा आहे. मी आता म्हणालो, 'दारात हत्तीएवढी चिचुंद्री उभी आहे', तर तुम्ही प्रत्येकाने आपापली चिचुंद्री मनात उभी केलीसुद्धा. आकाशवाणीला खर्च शून्य. सिनेमात मात्र ती दाखवावी लागते, आणि दाखवायची म्हटलं की पैसे लागतात. मॅक्लेंडनची स्वतःची सिनेमागृहं होती, तिथे लावायला त्याने हा सिनेमा काढला, वर त्यात कामही केलं. पण कानांना फसवणारा माणूस डोळ्यांपुढे हरला.

असे सिनेमे त्या काळात इतके का निघाले? १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या सिनेमा कंपन्यांना स्वतःच्या थिएटरांच्या साखळ्या सोडायला लावल्या. त्यानंतर त्या कंपन्यांनी स्वस्तातल्या जोडसिनेमांतून हळूहळू अंग काढून घेतलं. त्याच सुमारास घराघरांत दूरचित्रवाणी आली. आणि दुसरीकडे मोटारीत बसून सिनेमा बघायची उघडी मैदानं, ज्यांना ड्राइव्ह-इन म्हणतात, ती चार हजारांच्या वर गेली. तिथे एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे म्हणजे माल तर हवा. प्रेक्षक बहुतेक तरुण मुलंमुली. त्यांचं निम्मं लक्ष पडद्यावर, निम्मं शेजारच्या सीटवर. काही निर्माते तर आधी सिनेमाचं नाव ठरवायचे, मग पोस्टर रंगवायचे, आणि ते विकलं जातंय असं दिसलं की मग कथा लिहायला बसायचे. म्हणजे आधी पत्रिका छापायची आणि मग नवरी शोधायची!

विषय मात्र वर्तमानपत्रांतूनच मिळत होते. अणुबाँबच्या चाचण्या चालू होत्या, उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्या येत होत्या. लोकांच्या मनात खरीखुरी भीती होती, आणि त्या भीतीला हे लोक तुटपुंज्या पैशात रूप देत होते. हे रूप कसं असायचं?

१९५३ सालचा 'रोबॉट मॉन्स्टर' घ्या. पृथ्वीवरची माणसं नष्ट करायला परग्रहावरून एक यंत्रमानव आला आहे. यंत्रमानवाचा पोशाख करायला पैसे नव्हते. पण एका नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. मग काय, अंगात गोरिला आणि डोक्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण! लग्नात कमरेखाली धोतर आणि वर कोट घालून फिरणारे काका आपण पाहिलेले आहेत. त्यातलाच हा प्रकार. याची प्रयोगशाळा एका गुहेच्या तोंडाशी, आणि त्यातलं मुख्य यंत्र म्हणजे साबणाचे फुगे काढणारं मशीन. त्या मशीनचा उल्लेख सिनेमाच्या श्रेयनामावलीत केलेला आहे. आणि गंमत म्हणजे याला संगीत आहे एल्मर बर्नस्टीनचं, म्हणजे ज्याने पुढे 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ला संगीत दिलं त्याचं! त्याने हे काम मन लावून केलं आहे. डोळे मिटून ऐकलं तर जगबुडी आल्यासारखी वाटते. डोळे उघडले की फुगे.

किंवा १९५७ सालचा 'द जायंट क्लॉ'. यात अवकाशातून एक महाकाय पक्षी येतो. नटांना सांगितलं होतं की तुम्ही आकाशाकडे बघा आणि घाबरा, पक्षी आम्ही नंतर टाकू. जेफ मॉरो हा त्यातला नायक. तो चांगला नट होता, जीव ओतून घाबरला. पुढे आपल्या गावातल्या थिएटरात तो हा सिनेमा बघायला बसला. आणि पडद्यावर आला एक बाहुला! लांबलचक मान, भलं मोठं नाक, डोक्यावर केसांचा झुपका. कोंबडी सोलायला घ्यावी आणि मध्येच दुसरं काम निघावं, तसा अवतार. थिएटर हसून लोळायला लागलं आणि मॉरो ओळखीचं कोणी भेटायच्या आत गुपचूप बाहेर पडला.

त्याच वर्षीच्या 'बिगिनिंग ऑफ द एंड'मध्ये किरणोत्सर्गाने वाढवलेल्या भाज्या खाऊन टोळ राक्षसाएवढे होतात आणि शिकागोवर चालून येतात. दिग्दर्शक बर्ट गॉर्डन याने खरे टोळ आणून ते इमारतींच्या छायाचित्रांवर सोडले. ते इमारत चढतात तोवर ठीक. पण टोळाला काय ठाऊक, इमारत कुठे संपते? एक बहाद्दर गच्चीच्या पुढे जाऊन तसाच आकाशावर पाय रोवून चढत राहतो!

यातलं शास्त्र कुठे चुकतं, तेही सांगण्यासारखं आहे. टोळ लांबीला दहापट केला तर तो रुंदीला आणि उंचीलाही दहापट होतो, म्हणजे त्याचं वजन हजारपट होतं. पण त्याच्या पायाची ताकद ठरते पायाच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि ते वाढतं शंभरपटच. म्हणजे ताकदीच्या मानाने प्रत्येक पायावर दहापट भार आला. शिकागो राहू द्या, तो टोळ जागेवरून उठायचा नाही. पृथ्वीवर मुंग्या मुंगीएवढ्या आणि हत्ती हत्तीएवढे का, याचं उत्तर या हिशेबात आहे. शाळेत हे सूत्र मला कधी नीट कळलं नव्हतं. आकाशावर चढणारा टोळ पाहिल्यापासून पक्कं कळलं आहे.

आणि कोकणातल्या श्रोत्यांसाठी खास म्हणून सांगतो. १९५९ सालच्या 'टीनेजर्स फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये जो भयंकर परग्रहवासी प्राणी आहे, तो म्हणजे शेवंड. ताटात असते ती. तिची सावली मोठी करून दाखवली आहे. लोक तिला बघून किंकाळ्या फोडत पळतात. मालवणात पळाले असते, पण तिच्या दिशेने!

आता शेऱ्यांकडे येऊ. पडद्याकडे बघून शेरा मारणं आपल्याला नवीन नाही. जत्रेत तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की पडद्यापुढच्या जमिनीवर बसलेली मंडळी खलनायकाला नुसते शेरे नाही, सल्लेसुद्धा देत. पण या शेरेबाजीचाच एक रीतसर कार्यक्रम करावा, हे सुचलं अमेरिकेतल्या जोएल हॉजसन नावाच्या विनोदी कलावंताला. २४ नोव्हेंबर १९८८ रोजी मिनियापोलिस इथल्या एका छोट्या दूरचित्रवाणी केंद्रावर 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू झालं. कल्पना अशी, की एका माणसाला अवकाशयानात डांबून ठेवलं आहे आणि त्याला सक्तीने वाईट सिनेमे दाखवले जातात. सोबतीला त्याने दोन यंत्रमानव तयार केले आहेत. त्यातल्या एकाचं डोकं म्हणजे गोळ्यांची बरणी, चांगली पारदर्शक घुमटाची. पडद्याच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, खुर्च्यांच्या रांगेत या तिघांच्या काळ्या सावल्या दिसतात आणि अख्खा सिनेमाभर ते बोलत राहतात. म्हणजे थिएटरात आपल्या पुढच्या रांगेत बसू नयेत अशी जी माणसं, तीच कार्यक्रमाची नायक!

हा कार्यक्रम पुढे देशभर गेला, १९९९ पर्यंत चालला. सूत्रधार बदलला, वाहिनी बदलली, तरी चालला. मूळ रेडिओसाठी सुरू झालेला पीबॉडी पुरस्कार त्याला १९९३ साठी मिळाला. लोक तो टेपवर उतरवून घेत आणि एकमेकांना देत. अशा टेपा फिरवत राहा, असं श्रेयनामावलीतच सांगितलेलं असे. बंद पडल्यावर सोळा वर्षांनी, २०१५ साली, हॉजसनने लोकांकडून वर्गणी मागितली, तर सत्तावन्न लाख डॉलरच्या वर पैसे जमले आणि २०१७ मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू झाला.

यातली कला कुठली? मी हे भाग बरेच पाहिले आहेत, आणि मला जे दिसलं ते असं. शेऱ्याला जागा लागते. पात्रं बोलत असताना शेरा मारला तर दोन्ही ऐकू येत नाही. चांगल्या सिनेमात अशी मोकळी जागा नसतेच. तिथे गप्प बसणंसुद्धा काहीतरी सांगत असतं. पण वाईट सिनेमात जागाच जागा. माणूस दार उघडतो, चालतो, दुसऱ्या दारापर्यंत जातो, थांबतो, मागे बघतो. तबलजीला समेची वाट बघावी लागते, तशी हे लोक त्या पोकळीची वाट बघतात आणि नेमक्या वेळी टाकतात. ते सहज सुचल्यासारखं वाटतं, पण लेखक मंडळी तोच तो सिनेमा पुन:पुन्हा बघून एकेक शेरा लिहून काढत. दीड तासाचा रद्दी सिनेमा पुन:पुन्हा बघायचा, याला मी तरी साधनाच म्हणेन.

आमचे एक स्नेही आहेत. हौशी नाटकांचं नेपथ्य करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. राज्य नाट्य स्पर्धेच्या आदल्या रात्री हातोडी घेऊन रंगमंचावर झोपणारा माणूस. त्यांना मी एकदा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' दाखवला. एड वूड या दिग्दर्शकाचा, १९५६ मध्ये चित्रित झालेला हा सिनेमा जगातला सर्वांत वाईट म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात स्मशानातल्या पुठ्ठ्याच्या कबरी धक्का लागला की हलतात. 'ड्रॅक्युला'त गाजलेला बेला लुगोसी काही मिनिटांचं चित्रण झाल्यावर वारला, तर त्याच्या जागी वूडने आपल्या बायकोवर उपचार करणारा एक हाडवैद्य उभा केला. तो उंचीने जास्त, चेहऱ्याने वेगळा, म्हणून त्याने सिनेमाभर अंगरख्याने तोंड झाकून घेतलं आहे. मी हसत होतो. आमचे स्नेही हसत नव्हते.

"तुम्हाला गंमत नाही वाटली?" मी विचारलं.

"कबर हलते आहे, कारण मागून टेकू दिलेला नाही," ते म्हणाले. "टेकूला लाकूड लागतं. लाकडाला पैसे लागतात. यात हसण्यासारखं काय आहे, सांगा."

यावर मला चटकन उत्तर देता आलं नाही, आणि हा प्रश्न टाळता येण्यासारखाही नाही. एड वूडचं पुढे काय झालं? त्या सिनेमाला पैसे पुरवणारी मंडळी एका बाप्टिस्ट चर्चमधली होती. ते मिळवायला वूडने स्वतःचा बाप्तिस्मासुद्धा करून घेतला. एवढं करून सिनेमा चालला नाही. दारूने आणि दारिद्र्याने तो खचत गेला. राहत्या घरातून बाहेर काढल्यावर थोड्याच दिवसांत, डिसेंबर १९७८ मध्ये, चौपन्नाव्या वर्षी तो वारला. दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, एका पुस्तकाच्या वाचकांनी त्याच्या सिनेमाला सर्वांत वाईट ठरवलं आणि तो एकदम प्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये टिम बर्टनने त्याच्यावर सिनेमा काढला, त्यात लुगोसीचं काम करणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. वूडला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. मग आपण हसतो ते कोणाला? मेलेल्या, हरलेल्या माणसाला?

माझ्यापुरतं उत्तर मला एका दुसऱ्या सिनेमात सापडलं. तसा तो विज्ञानपट नव्हे, भयपट. पण शेरेबाजांच्या दुनियेत त्याचं स्थान पंढरपूरचं आहे. 'मानोस: द हँड्स ऑफ फेट', साल १९६६. 'मानोस' म्हणजे स्पॅनिशमध्ये हात. म्हणजे नावाचाच अर्थ 'हात: नशिबाचे हात'. काढला होता टेक्सासमधल्या एल पासो गावच्या हॅरल्ड वॉरन नावाच्या खतविक्रेत्याने. सिनेमा मीही काढून दाखवीन, अशी त्याची एका पटकथालेखकाशी पैज लागली होती. खर्च १९ हजार डॉलर. कॅमेरा चावी देऊन चालवायचा, एका दमात जेमतेम अर्धं मिनिट चित्रण होई. आवाज त्यात येतच नसे, म्हणून नंतर तीन-चार जणांनी मिळून सगळ्या पात्रांचे आवाज दिले. नटांना पैसे नव्हते, नफ्यात वाटा कबूल केला होता. प्रत्यक्ष मोबदला मिळाला तो दोघांनाच, असं सांगतात. लहान मुलीला सायकल, आणि कुत्र्याला खाण्याची पिशवी.

१५ नोव्हेंबर १९६६ रोजी गावातल्या थिएटरात मोठ्या थाटात पहिला खेळ झाला. भाड्याची मोटार एकच होती, ती नटांना उतरवून वळसा घालून पुढच्यांना आणत होती. सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात लोक हसायला लागले. जॅकी नेमन ही ती सायकलवाली मुलगी, सहा-सात वर्षांची. पडद्यावर आपलं तोंड हलतं आहे आणि आवाज भलत्याच मोठ्या बाईचा येतो आहे, हे ऐकून ती रडायला लागली. टोर्गोचं काम करणारा जॉन रेनल्ड्स हा तरुण नट तर खेळाच्या महिनाभर आधीच गेला होता.

त्या रात्रीनंतर सिनेमा जवळजवळ नाहीसा झाला. तो परत आला जानेवारी १९९३ मध्ये, शेरेबाजांच्या कार्यक्रमात. पुन्हा लोक हसलेच. पण हे हसू निराळं होतं. १९६६ मधली माणसं हसली आणि आपापल्या घरी गेली. १९९३ नंतरचे लोक हसले आणि तिथेच राहिले. त्यांनी नटांची नावं पाठ केली, टोर्गोवर प्रेम केलं, लोकांच्या वर्गणीतून जुन्या फिती स्वच्छ करून २०१५ मध्ये नवी प्रत काढली. आणि ती रडलेली मुलगी? तिने मोठी झाल्यावर त्या सिनेमाच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि त्याच्या पुढच्या भागात कामही केलं. या वेळी आवाज स्वतःचा.

म्हणून आमच्या स्नेह्यांना मी एवढंच सांगितलं, की चेष्टा आणि हेटाळणी यांत फरक आहे, आणि तो ओळखायची खूण सोपी आहे. हेटाळणी करणारा मध्येच उठून जातो. चेष्टा करणारा शेवटपर्यंत बसतो. घरच्यांनी केलेली थट्टा आणि वाटसरूने केलेली थट्टा यांतला हा फरक. कोट्यवधी रुपये ओतून केलेल्या भिकार सिनेमावर शेरे मारायला मजा येत नाही, तीही याचमुळे. तिथे कोणी जीव टाकलेला नसतो. गोरिलाच्या पोशाखात टेक्सास नाही तर कॅलिफोर्नियाच्या उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाने तो टाकलेला असतो.

तेव्हा एखाद्या रविवारी घरातली चार माणसं गोळा करा आणि असा एखादा सिनेमा लावा. पथ्यं दोनच. संवादावर बोलू नका, आणि शेवट होईपर्यंत उठू नका.

आमच्या स्नेह्यांनी मध्यंतरी 'प्लॅन नाइन' पुन्हा बघायला मागितला. या वेळी ते हसले. दोन वेळा. आणि मग कागद-पेन्सिल घेऊन, त्या कबरीला टेकू कुठे द्यायला हवा होता, ते मला काढून दाखवलं.